फिनलंडमध्ये हुम्पाच्या मागावर

फिनलंडला जाणारी मराठी मंडळी बहुधा हिवाळ्यात उत्तरेचा ध्रुवीय प्रकाश पाहायला जातात, नाहीतर उन्हाळ्यात तिथे नोकरीला असलेल्या मुलांकडे. आम्ही दोघे दुसऱ्या गटातले. भाची आणि जावई हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात राहतात. जुलैच्या अखेरीस त्यांना जोडून सुट्टी मिळाली आणि कुठे जायचे हे जावयांनी जवळपास एकट्याने ठरवून टाकले. ते पूर्वी हॅम्बुर्गला नोकरीला होते आणि तिथल्या जर्मन सहकाऱ्यांनी त्यांना ‘एलॅकेलॅइसेत’ या फिनिश बँडचे वेड लावले होते. हा बँड रशियाच्या सरहद्दीकडच्या योएनसू शहरातला. १९९३ पासून तो हुम्पा नावाचे नृत्यसंगीत वाजवत युरोपभर हिंडतो आहे आणि फिनलंडबाहेर त्याचे सर्वाधिक चाहते जर्मनीत आहेत. बँडच्या नावाचा अर्थ ‘पेन्शनर’. जगभर गाजलेली रॉक आणि पॉप गाणी घ्यायची, ती हुम्पाच्या ठेक्यात बसवायची, मूळ गाण्याशी काडीचाही संबंध नसलेले फिनिश शब्द त्यांवर चढवायचे आणि सगळे भरधाव वेगाने वाजवायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांचा योएनसूतला कार्यक्रम आमच्या सुट्टीत येत होता.

मी स्वतः पेन्शनर असल्यामुळे मला विरोध करायला जागा नव्हती. मात्र एक अट मी घातली. आधी खरा हुम्पा पाहायचा, म्हणजे ज्यावर लोक मुकाट्याने नाचतात तो, आणि मगच त्याची थट्टा ऐकायची. ज्याची नक्कल होते आहे ते माहीत नसेल तर नकलेत मजा नसते, असे माझे मत. हे मत प्रवासात थोडे बदलले, ते पुढे येईलच.

गुरुवार: हेलसिंकी

सकाळ हकानिएमीच्या जुन्या मंडईत घालवली. विटांच्या त्या दुमजली इमारतीत लोहिकेइत्तो म्हणजे सामन माशाचे, साय आणि बटाटे घातलेले, वरून भरपूर शेपू पेरलेले सूप मिळते. सोबत राय धान्याचा काळपट, आंबूस पाव असतो. पत्नी शाकाहारी असल्यामुळे तिची सोय एका कॉफीच्या दुकानात वेलदोड्याच्या पावावर झाली. या देशात वेलदोडा पावात घालतात याचा तिला झालेला आनंद पुढचे सगळे दिवस टिकला.

दुपारी विइस्कुल्मा या पाच रस्त्यांच्या चौकात गेलो. जुन्या तबकड्यांच्या दुकानांसाठी हा भाग ओळखला जातो. दुकानदार साठीचा, मितभाषी आणि सुरुवातीला थोडा संशयी वाटला. भारतातून आलेल्या दोन ज्येष्ठांना हुम्पा कशाला हवा, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. जावयांनी माझी ओळख करून देताना मी भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो असे सांगितले आणि गडी एकदम खुलला. हार्मोनियम आणि अकॉर्डियन या दोन्हींत धातूच्या पट्ट्या हवेने कंप पावतात. भाता एकात हाताने हलतो, दुसऱ्यात छातीवर. तेवढे नाते त्याला पुरले.

त्याने आधी दल्लापे या वाद्यवृंदाची तबकडी लावली. १९२५ साली स्थापन झालेला हा वाद्यवृंद. अमेरिकेकडून आलेला जॅझ त्यांनी अकॉर्डियनच्या अंगाने फिनिश केला. १९३०च्या दशकात देशभर लोक ज्या वेगवान फॉक्सट्रॉट या जोडीनृत्यावर नाचले, तो हाच. ऐकायला गोड, थोडा खट्याळ आणि मुळात नाचासाठीच बांधलेला. मग त्याने तबकडी बदलली. या दुसऱ्या तबकडीतही तशाच चाली होत्या, पण ठेका जास्त ठसठशीत, तांब्या-पितळेचे खालचे सूर मुद्दाम फुगवलेले आणि वादकांना आपण जुनाट वाजवतो आहोत याची पुरेपूर जाणीव. हा हुम्पा-वेइकोत नावाचा वाद्यवृंद. १९५०च्या दशकात फिनिश नभोवाणीवर अंतेरो अल्पोला नावाचे निवेदक विनोदी कार्यक्रम करीत. जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेत ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्याच्या ‘हुम्पा हुम्पा’ आवाजावरून लोक त्या संगीताला जे म्हणत, तोच शब्द त्यांनी घरी आणला आणि वडिलांच्या पिढीच्या नाचगाण्यांना चिकटवला. म्हणजे हुम्पा हे नाव मिळाले तेच मुळी थट्टेत.

मला हे अगदी नवे होते. इतके दिवस मी असे धरून चाललो होतो की हुम्पा ही शेकडो वर्षांची लोकपरंपरा असावी आणि १९९३च्या पोरांनी तिची टर उडवली असावी. प्रत्यक्षात नभोवाणीच्या त्या विनोदाने पुढच्या काळात इतकी मुळे धरली की लोक गंभीरपणे त्यावर नाचू लागले, नाचाच्या वर्गांत त्याची पावले शिकवली जाऊ लागली आणि विनोदाची आठवण फक्त दुकानदारासारख्या लोकांपुरती उरली. पेन्शनरांच्या बँडविषयी त्याचे मत मी विचारले. त्याने खांदे उडवले आणि सांगितले की त्यांचा अकॉर्डियनवाला ठेक्यात कधी चुकत नाही. फिनिश माणसाकडून याहून मोठी स्तुती मिळत नसते, असे भाचीने बाहेर आल्यावर समजावले.

शुक्रवार: तळ्याकाठचा तान्सिलावा

फिनलंडमध्ये गावाबाहेर, बहुतेक वेळा तळ्याच्या काठी, लाकडी नृत्यमंडप असतात. त्यांना तान्सिलावा म्हणतात. वर छप्पर, चारी बाजूंना खिडक्या किंवा नुसता कठडा, मध्ये गुळगुळीत फळ्यांची जमीन आणि एका बाजूला वादकांचा मंच. एस्पोहून तासाभराच्या अंतरावरच्या अशा एका मंडपात आम्ही संध्याकाळी पोहोचलो तेव्हा ऊन लख्ख होते आणि मोटारी लावायच्या मैदानात लोक डिकीवर बसून पादत्राणे बदलत होते. बाहेरचे बूट आत चालत नाहीत. नाचाचे बूट वेगळे, तळाला मऊ चामडे असलेले, आणि ते पिशवीतून आणायचे. काही पुरुषांच्या हातांत हँगरला लावलेले दोन-दोन इस्त्रीचे शर्टही होते. घाम आला की मध्यंतरात शर्ट बदलतात.

आतले शिष्टाचार भाचीने गाडीतच पाठ करून घेतले होते. तरी ते प्रत्यक्ष पाहताना मी थक्क झालो. एका भिंतीशी बायका उभ्या राहतात, समोरच्या बाजूला पुरुष. मंचाजवळ दिव्याची पाटी असते. ती ‘पुरुषांची मागणी’ दाखवत असेल तर पुरुषांनी जाऊन विचारायचे, ‘स्त्रियांची मागणी’ दाखवत असेल तर स्त्रियांनी. वाद्यवृंद एका प्रकारची दोन गाणी लागोपाठ वाजवतो. एकदा विचारले की ती दोन्ही गाणी एकत्र नाचायची, मधेच सोडून जाणे असभ्य समजतात. दुसरे गाणे संपले की पुरुषाने स्त्रीला ती जिथे उभी होती त्या जागेपर्यंत पोहोचवायचे, आभार मानायचे आणि परत फिरायचे. बोलायलाच हवे असे नाही. कित्येक जोडपी पूर्ण सहा-सात मिनिटे एक शब्दही न बोलता नाचतात. मंडपात सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, वेगाने नाचणारे कडेने आणि सावकाश नाचणारे आतल्या बाजूने. दारू मिळत नाही. कॉफी, साखरेत घोळवलेले मुंक्की हे वडे आणि मांस भरलेली तळलेली पुरी एवढेच मिळते.

सुरुवातीला दोन वॉल्ट्झ झाले, मग टँगो. फिनिश लोकांचे टँगोप्रेम प्रसिद्ध आहे. सेइनॅयोकी शहरात १९८५ पासून दर उन्हाळ्यात टँगोचा मोठा उत्सव भरतो. त्यांचा टँगो सगळा कोमल स्वरांचा आणि विरहाचा असतो, चेहरे तर त्याहून उदास. त्यानंतर मंचावरच्या बाईंनी हुम्पा जाहीर केला आणि मंडपाची चाल पालटली.

मी मुद्दाम मंचाला खेटून उभा राहिलो. अकॉर्डियन वाजवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. फिनलंडमध्ये उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्यांऐवजी पाच रांगांत गोल बटणे असलेले अकॉर्डियन पसंत करतात. डाव्या हाताची करामत मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसली. अनामिकेने खर्जाचे एक बटण दाबायचे, लगेच मधल्या बोटाने शेजारच्या रांगेतले दुसरे बटण, ज्यातून तीन स्वर एकदम निघतात. खर्ज, स्वरमेळ, खर्ज, स्वरमेळ. हुम्पाची लय मिनिटाला २२० ते २६० ठोक्यांच्या घरात असते, म्हणजे सेकंदाला चारच्या आसपास. त्या गृहस्थांचा हात मनगटापासून अजिबात हलत नव्हता, फक्त ती दोन बोटे आळीपाळीने उठत होती. भाता मात्र शांत, लांब श्वासाचा. हार्मोनियमवर द्रुत लयीत भाता आपोआप उतावळा होतो, हे वाजवणाऱ्यांना माहीत आहे. इथे बोटांची घाई भात्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

नाचणाऱ्यांची पावलेही तशीच. इतक्या वेगात माणसे उड्या मारतील असे वाटते, पण डोकी एका पातळीत सरकत राहतात आणि सगळी घाई गुडघ्यांखाली चाललेली असते. काही जोडपी एका पायाने किंचित लंगडल्यासारखे पाऊल टाकत होती. तो नील्कु नावाचा वेगळा प्रकार आहे असे कळले. पत्नीला एका उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी वॉल्ट्झसाठी विचारले. ती माझ्याकडे पाहू लागली, मी छताकडे. दोन्ही गाणी संपल्यावर त्यांनी तिला अगदी तिच्या खांबापाशी आणून सोडले, किंचित झुकून ‘कीतोस’ म्हटले आणि निघून गेले. “नाव विचारलंस का?” असे मी विचारले तर म्हणाली, “तसं विचारायची पद्धत नसावी.” तिने शिष्टाचार माझ्याआधी आत्मसात केला होता.

कॉफीच्या टेबलावर एका आजींनी मंडपांचा इतिहास सांगितला आणि भाचीने तो मराठीत उतरवला. युद्ध सुरू झाले तेव्हा, १९३९ साली, सरकारने सार्वजनिक नाचांवर बंदी घातली. सैनिक आघाडीवर मरत असताना घरी नाचणे बरे दिसत नाही, ही त्यामागची भूमिका. तरुण पोरे खळ्यांत, कोठारांत चोरून नाचत आणि पकडली गेली की दंड भरत. बंदी पूर्ण उठायला १९४८ साल उजाडले आणि त्यानंतर गावोगावच्या युवक मंडळांनी, क्रीडा मंडळांनी स्वतः लाकूड तोडून मंडप उभारले. आजींचे आईवडील अशाच एका चोरट्या नाचात भेटले होते. एवढे सांगून त्यांनी कॉफीचा कप ठेवला, कारण पाटीवर ‘स्त्रियांची मागणी’ लागली होती.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मंडपांचा हंगाम मुख्यतः मे ते ऑगस्ट. प्रवेशमूल्य वीस युरोंच्या आतबाहेर असते. पुष्कळ ठिकाणी नाच सुरू होण्याआधी तासभर नवशिक्यांसाठी पाठ असतो, तो अवश्य घ्यावा, कारण एकदा वाद्यवृंद सुरू झाला की शिकवायला कुणाला सवड नसते. नुसते पाहायला आलात तरी कुणी हटकत नाही, पण स्त्रियांनी भिंतीशी उभे राहण्याचा अर्थ ‘मला विचारा’ असाच घेतला जातो. नाचायचे नसेल तर कॉफीच्या टेबलाशी बसावे. तळ्याकाठी डास प्रचंड असतात. त्यांचे मलम तिथल्याच किराणा दुकानातून घ्यावे, आपल्याकडचे तिथल्या डासांना पोहोचत नाही.

शनिवार: योएनसू

हेलसिंकीहून योएनसूला रेल्वेने साडेचार तासांच्या आसपास लागतात. कोउवोलानंतर गाडी पूर्वेकडे वळते आणि लाप्पेएनरांता, इमात्रा, पारिक्काला अशी सरहद्दीच्या कडेकडेने वर जाते. खिडकीतून पाणी आणि बर्च, पुन्हा पाणी आणि पाइन, एवढेच दिसते, पण ते कंटाळवाणे होत नाही. हा कारेलियाचा भाग. युद्धानंतर कारेलियाचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. अकॉर्डियनवरची पूर्वेकडची गाणी ऐकताना फिनिश लोक एकाएकी गप्प का होतात, याचे एक कारण इथे आहे.

दुपारी योएनसूच्या बाजारचौकात पोहोचलो तेव्हा आवराआवर सुरू झाली होती. तरी कारेलियन पिराक्का मिळाले. राय पिठाची कागदासारखी पातळ पारी, तिच्यात दुधात शिजवलेला भात, मधला भात उघडाच ठेवून कडा चिमटून वर दुमडलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या. वर लोण्यात कुस्करलेले उकडलेले अंडे लावून खातात, पण अंडे नको म्हटले तर नुसते लोणी लावून देतात. शाकाहारी माणसासाठी या देशात याहून भरवशाचे अन्न नाही. पत्नीने एका बाईंची कडा चिमटण्याची पद्धत पाच मिनिटे उभी राहून पाहिली आणि मग बाईंनी तिच्या हाती एक पारी दिली. मुरडीच्या करंजीचा हात असल्यामुळे तिच्या चुण्या बारीक आल्या. बाईंनी त्या शेजारणीला बोलावून दाखवल्या. मी तोवर मुइक्कू हे राय पिठात घोळवून लोण्यात तळलेले बोटभर मासे कागदी द्रोणातून खात होतो. काट्यासकट खायचे, अगदी आपल्या मांदेलीसारखे, फक्त तिखटमीठ शोधावे लागते. मटारच्या शेंगा आणि स्ट्रॉबेरी इथे वजनाने नाही, लिटरच्या मापाने विकतात आणि लोक शेंगा रस्त्याने सोलत, दाणे तोंडात टाकत जातात.

शहर लहान आहे. पिएलिस नदी मधून वाहते, काठाला एलिएल सारिनेन यांनी बांधलेली १९१४ची नगरपालिका आहे आणि नदीतल्या इलोसारी या बेटाचे नाव १९७१ पासून भरणाऱ्या रॉक महोत्सवाला दिलेले आहे. हा महोत्सव जुलैच्या मध्यात असतो. त्या शनिवार-रविवारी इथे राहायला जागा मिळवणे अवघड जाते, तेव्हा तारखा पाहून यावे. रॉक संगीताचे एवढे वारे असलेल्या गावातच पेन्शनरांचा बँड निघावा, यात नवल नाही. त्यांतले काही जण आधीपासून कुमिकामेली नावाच्या रॉक बँडमध्ये होते आणि हुम्पा हा जोडधंदा म्हणून सुरू झाला. जोडधंद्याने मूळ धंद्याला मागे टाकले.

कार्यक्रम रात्री एका क्लबात होता. बाहेर अजून उजेड आणि आत मिट्ट काळोख. गर्दीत विशीपासून साठीपर्यंतची माणसे होती आणि बरीच जर्मन बोलणारी. हॅम्बुर्गहून मोटारीने आणि बोटीने आलेले एक तरुण जोडपे आमच्या शेजारी उभे होते. दोघांनी काळे टी-शर्ट घातले होते. त्यांना फिनिश येत नव्हते आणि गाणी मात्र सगळी पाठ होती.

मंचावर एक लांब टेबल. त्यावर कळफलकाची वाद्ये आणि बाटल्या. बँडची माणसे येऊन टेबलामागे खुर्च्यांवर बसली आणि कार्यक्रमभर मुख्यतः बसूनच वाजवत राहिली. रॉकच्या मंचावर इकडून तिकडे धावण्याची जी रीत आहे तिची ही बसल्या जागी केलेली परतफेड. ओन्नी वारिस गातात आणि कळफलक वाजवतात, लास्सी किन्नुनेन अकॉर्डियनवर. पहिला ठेका पडला आणि मी आदल्या संध्याकाळचा डावा हात शोधू लागलो. तो होता. खर्ज, स्वरमेळ, खर्ज, स्वरमेळ, आणि लय मंडपातल्यापेक्षाही चढी. दोन ओळी गेल्यावर भाची ओरडली, “मामा, हे गाणं तुम्हाला माहीत आहे!” खरोखरच होते. १९८०च्या दशकात आमच्या कॉलनीतल्या गणेशोत्सवात लाउडस्पीकरवर वाजणारे इंग्रजी डिस्को गाणे, पण त्यातला सगळा तोरा काढून टाकलेला. मूळ गाण्यात गिटार जिथे गुरगुरते, तिथे अकॉर्डियन हसत होते. जिथे गायक लांबलचक आळवतो, तिथे यांच्याकडे वेळच नव्हता, कारण पुढचा ठोका दारात उभा.

या बँडची युक्ती मला तिथे कळली, असे मी म्हणेन. रॉक संगीत स्वतःला फार गंभीरपणे घेते. हुम्पाला तसे कधी जमलेच नाही, कारण तो जन्मला तेव्हाच हसत होता. म्हणून यांची थट्टा हुम्पाची नाही. हुम्पा हे त्यांचे हत्यार आहे आणि वार होतो तो रॉकच्या ऐटीवर. त्यासाठी हुम्पा बिनचूक वाजावा लागतो. ठेका जरा जरी ढिला पडला असता तर सगळा प्रकार दारुड्यांचा धिंगाणा झाला असता. हे लिहिताना प्रेक्षकांपैकी निम्मे लोक धिंगाण्यासाठीच आले होते, हेही मान्य केले पाहिजे. ‘हुम्पा! हुम्पा!’ असा घोष दोन गाण्यांच्या मध्ये थांबत नव्हता, पुढच्या रांगांत माणसे एकमेकांवर आदळत होती आणि बिअरचा शिडकावा आमच्यापर्यंत येत होता. पत्नीने कानात कापूस घातला. कापूस ही तडजोड होय. कानातले बोळे तिथे औषधाच्या दुकानात स्वस्त मिळतात, ते आधी घ्यावेत आणि मंचाच्या उजव्या-डाव्या भिंतीशी उभे राहावे, मध्यभागी नाही. कोट आणि पिशव्या ठेवायला वेगळे शुल्क लागते.

मला एक गोष्ट खटकली. दीड तासात लय जवळपास बदललीच नाही. मंडपात हुम्पाच्या आधी टँगो असतो, नंतर वॉल्ट्झ असतो आणि म्हणून हुम्पाला चव येते. इथे सगळेच ताट मिरच्यांचे. शेजारच्या जर्मन तरुणाला मी हे बोलून दाखवले, तर त्याने विचारले की मंडप म्हणजे काय. जर्मनीत हा बँड डझनभर वेळा ऐकलेल्या त्या माणसाने लोकांना हुम्पावर जोडीने नाचताना कधी पाहिलेच नव्हते. जावयांनी त्याला रविवारच्या नाचाचा पत्ता लिहून दिला.

रविवार: कोली आणि पुन्हा मंडप

सकाळी भाड्याच्या मोटारीने कोलीला गेलो. उक्को-कोली हे ३४७ मीटर उंचीचे पांढऱ्या गारगोटीच्या खडकाचे शिखर, खाली पिएलिनेन सरोवर आणि त्यात बेटेच बेटे. चित्रकार एरो यार्नेफेल्ट यांनी हा देखावा इतक्यांदा रंगवला आणि तो इतक्या ठिकाणी छापला गेला आहे की फिनिश माणसाला देश म्हटले की हेच डोळ्यांसमोर येते म्हणतात. आम्हाला अर्धा तास ऊन आणि मग थेट सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर शोभेल असे धुके मिळाले. वर जायला लाकडी पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतात. पाऊस पडून गेला असेल तर खडकावर मात्र जाऊ नये.

दुपारी मुक्कामाच्या घरमालकांनी सौना म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली तापवली होती. तिथे त्यांच्याशी बँडविषयी बोलणे झाले. ते निवृत्त वनरक्षक, मंडपात आयुष्यभर नाचलेले. त्यांना हा बँड आवडत नाही. ओरडतात फार, आणि त्यावर नाचायला जागा कुठे असते, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना नभोवाणीवरच्या विनोदाची आठवण करून दिली. त्यांनी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकले, वाफ बसेपर्यंत थांबले आणि म्हणाले की त्यांच्या वडिलांना हुम्पा-वेइकोतही असेच आवडत नसत. खऱ्या फॉक्सट्रॉटची वाट लावली, अशी वडिलांची तक्रार होती.

संध्याकाळच्या मंडपात गर्दी बेताची होती. हॅम्बुर्गचे जोडपे खरोखरच आले, त्याच काळ्या टी-शर्टांत, पण पायांत उसने घेतलेले मऊ बूट. पहिला हुम्पा जाहीर होताच दोघे उत्साहाने मध्ये घुसले आणि उलट्या दिशेने निघाले. तीन जोडप्यांनी त्यांना शांतपणे वळसा घातला, चौथ्यातल्या सत्तरीच्या बाईंनी वाटेतच त्या तरुणाचे दोन्ही खांदे धरून त्याला योग्य दिशेला फिरवले आणि पुन्हा आपल्या जोडीदाराच्या हातात हात दिला. ठेका चुकला नाही. पुढच्या ‘स्त्रियांच्या मागणीत’ त्याच बाईंनी जाऊन त्याला विचारले. तो क्लबात शिकला होता तसा उड्या मारू लागला तर त्यांनी त्याच्या खांद्यावरचा हात जड केला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यापर्यंत त्याचे डोके एका पातळीत आले होते. गाणे संपल्यावर तो तिथेच हात मिळवून निघू लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नुसते कोपर पुढे केले आणि त्याने त्यांना बाकापर्यंत पोहोचवले.

पाटी अजून तशीच होती. पत्नी मंडप ओलांडून समोर आली आणि सगळ्यांदेखत मला विचारले. नकार देणे असभ्य समजतात हे मीच तिला गाडीत वाचून दाखवले होते. सेकंदाला चार ठोके हे प्रमाण कानाला मजेदार वाटते, गुडघ्यांना ते वेगळे कळते. वनरक्षकांनी दिलेला सल्ला कामी आला. दर ठोक्याला पाऊल टाकू नये, एक सोडून एक टाकावे, वर वाद्यवृंदाला घाई करू द्यावी. जावयांनी त्याचे चित्रीकरण केले आहे आणि ते आता नातेवाइकांच्या सर्व व्हॉट्सॲप गटांवर फिरते आहे.

मंडपाची रात्र वॉल्ट्झने संपते, पण आमची सोमवारची गाडी पहाटेची असल्यामुळे आम्ही त्याआधीच निघालो. गाडी नसलेल्यांनी परतीच्या टॅक्सीची सोय जाण्यापूर्वीच करून ठेवावी. असे मंडप गावापासून लांब असतात, रविवारी रात्री बस नसते आणि नाच संपला की मैदान दहा मिनिटांत रिकामे होते. एस्पोला परतल्यावर मी हार्मोनियमवर तो डावा हात उजव्या हाताने वाजवून पाहिला. भाचीने इथेच विकत घेतलेली जुनी पेटी आहे. खर्ज आणि स्वरमेळ जमतात, वेग निम्माही येत नाही आणि भाता अजून उतावळाच आहे. भजनी मंडळात हे कुणाला सांगायचे की नाही, याचा विचार चालू आहे.